जेम्स मोरलँडची जामीनकी



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या इंग्रजी शिकवत. त्यामुळे विषय इंग्रजी कादंबरीतला घेतला तर चालेल का, असं मी संयोजकांना विचारलं. ते चालेल म्हणाले. पण कादंबरीतल्या कोणावर बोलणार हे ऐकल्यावर थोडे गप्प झाले. मी निवडलेला माणूस नायक नाही आणि खलनायकही नाही. पुस्तक मिटल्यावर पुष्कळांना त्याचं नावसुद्धा आठवत नाही. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ या कादंबरीतला जेम्स मोरलँड. नायिकेचा थोरला भाऊ. स्वभावाने चांगला, बहिणीवर माया करणारा आणि माणसांच्या बाबतीत कमालीचा भोळा.

बंगळुरात मराठी माणसाने भावांवर बोलायचं तर खरं म्हणजे इंग्लंडला जायची गरज नाही. हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीतलं. त्यांच्यामागे वाटणीवरून शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या सावत्र भावांचं बिनसलं. 1677 साली दोघं भेटले, पुढे लढाईही झाली. धाकटा भाऊ भलत्यांच्या सल्ल्याने चालतो, ही महाराजांची तक्रार त्यांच्या पत्रात आहे. शेवटी जो समेट झाला त्यात बंगळूरचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचं बखरीत येतं. म्हणजे आज जिथे एका खोलीच्या भाड्यावरून भावाबहिणींत हिशेब होतात, ती जमीन एकेकाळी भावजयीच्या चोळीबांगडीची होती! पण व्यंकोजी भोळे होते की नाही, यावर बोलायला इतिहासकार हवा. मी कादंबऱ्या वाचणारी बाई. मी माझ्या जेम्सकडे वळते.

कॅथरीन मोरलँड सतरा वर्षांची, खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी, दहा भावंडांतली एक. शेजारचं अ‍ॅलन दांपत्य तिला बाथ या गावी घेऊन जातं. बाथ म्हणजे औषधी झऱ्यांचं, नाचाच्या सभागृहांचं आणि उपवर मुलामुलींच्या आईबापांचं गाव. तिथे तिची इझाबेला थॉर्पशी गट्टी जमते. इझाबेलाचा भाऊ जॉन हा ऑक्सफर्डला जेम्सबरोबर शिकणारा. नाताळच्या सुट्टीत जेम्स थॉर्प कुटुंबाकडे राहून आलेला आहे आणि इझाबेलाच्या प्रेमात पडलेला आहे, हे कॅथरीन सोडून सगळ्यांना दिसतं. एक दिवस दोघे मित्र गाडी हाकत बाथमध्ये येऊन थडकतात. आल्याआल्या वाद काय, तर आपण तेवीस मैल आलो की पंचवीस. जेम्स मैलांचे दगड मोजून सांगतो, जॉन त्याला उडवून लावतो. पुढे हे दोघे कसे वागणार, ते या वादातच दिसतं. जेम्सचं गणित बरोबर असतं आणि तरी गाडी जॉनच्या म्हणण्यानुसार चालते.

हा जॉन थॉर्प बढाईखोर आहे. आपला घोडा, आपली गाडी, आपण ती किती स्वस्तात मारली, आपण किती पितो, यापलीकडे त्याचं बोलणं जात नाही. कॅथरीनला तो आवडत नाही. पहिल्याच दिवशी आवडत नाही. मग जेम्स तिला विचारतो: माझा मित्र कसा वाटला? या प्रश्नापाशी मला थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळी कादंबरी या प्रश्नावर उभी आहे.

कॅथरीनच्या मनात उत्तर तयार आहे: मुळीच नाही आवडला. तोंडातून निघतं ते उलट. छान आहे, गोड माणूस आहे. ती खोटं का बोलते? ऑस्टिन याचं कारण अगदी सरळ सांगते: तो जेम्सचा मित्र होता आणि इझाबेलाचा भाऊ होता. जेम्स खूश होतो. त्याच्यासारखा सालस मुलगा मिळायचा नाही, जरा जास्त बोलतो एवढंच, असं प्रशस्तिपत्र देतो आणि लगेच जॉनच्या घरच्या इतर माणसांबद्दल, म्हणजे इझाबेलाबद्दल, विचारतो. त्याला जॉनविषयी मत नकोच होतं. त्याला इझाबेलाकडे जायचं होतं आणि वाटेत जॉन उभा होता.

आता सतराव्या वर्षाच्या त्या मुलीच्या जागी जाऊन पाहा. अठराव्या शतकाच्या शेवटचं इंग्लंड. घराबाहेरच्या पुरुषांशी तिची ओळख कोणीतरी करून दिल्याशिवाय होत नाही. ओळख करून देणारा जर सख्खा भाऊ असेल, तर तिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की भावाच्या शब्दावर? भाऊ वाईट असता तर प्रश्नच नव्हता. तो चांगला आहे म्हणूनच ती आपले डोळे बाजूला ठेवते. जॉनचं खाणंपिणं, बोलणं, चालणं यांतलं काहीही तिला पटत नाही. तरी तो दारातून आत आलेला आहे, कारण जेम्स त्याला जामीन राहिला आहे.

‘जामीन’ म्हणजे काय, हे आपल्याकडे पतसंस्थेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. 1872च्या भारतीय करार कायद्याचं 128वं कलम सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. सही करताना ते कलम कोणी वाचत नाही. साखर कारखान्याच्या गावात राहिलेल्या कोणालाही विचारा, मित्राच्या ट्रॅक्टरसाठी भिडेखातर सही केली आणि वसुलीची नोटीस आपल्या दारावर चिकटली, अशी एक तरी हकीकत घराघरांत असते. भीड भिकेची बहीण, असं आपली जुनी माणसं म्हणत. पण नोटीस आली की डोरलं विकावं लागतं ते बायकोला, नाहीतर सोय करावी लागते ती बहिणीला. भोळ्याच्या सहीची किंमत भोळा एकटा देत नाही. जेम्सबद्दल मला सांगायचं आहे ते इतकंच, आणि ते ऑस्टिनने फार बारकाईने मांडलं आहे.

कॅथरीनची बाथमध्ये ओळख झालेल्या टिल्नी भावंडांशी, हेन्री आणि एलेनॉरशी, फिरायला जायची वेळ ठरलेली असते. थॉर्प येतो आणि ठोकून देतो की टिल्नींना मी आत्ताच गाडीतून दुसरीकडे जाताना पाहिलं. तिला ब्लेझचा किल्ला बघायला नेतो. वाटेत तिला ती दोघं चालत येताना दिसतात. थांबव म्हणून ती गयावया करते, हा घोड्याला आणखी चाबूक मारतो. तो किल्लाही त्यांना दिसत नाही. उशीर झाला म्हणून कीन्शमहून परततात. मागच्या गाडीत जेम्स इझाबेलाबरोबर बसलेला आहे. बहिणीच्या गाडीत काय चाललं आहे, याचा त्याला पत्ता नाही.

काही दिवसांनी पुन्हा तोच बेत, पुन्हा टिल्नींना दिलेली वेळ मोडायची. या वेळी कॅथरीन नाही म्हणते. इझाबेला आधी लाडीगोडी लावते, मग डोळ्यांना रुमाल. आणि मग जेम्स बोलतो. इतका हट्टीपणा तुझ्यात असेल असं वाटलं नव्हतं, पूर्वी तू सगळ्या बहिणींत किती समजूतदार होतीस, अशा अर्थाचं. संपूर्ण पुस्तकात हा मुलगा कोणावर चिडत नाही. चिडतो तो बहिणीवर, आणि तेही ती प्रामाणिकपणे वागते तेव्हा. चांगुलपणाची ही बाजू आपण सहसा बघत नाही. ज्याला कोणालाच दुखवायचं नसतं, तो शेवटी हक्काच्या माणसाला दुखवतो, कारण ते माणूस सोडून जाणार नसतं. आपल्याकडे लग्नघरात व्याह्यांची मर्जी राखताना जे भाऊ स्वतःच्या बहिणीवर डोळे वटारतात, त्यांतले बरेचसे स्वभावाने गरीब असतात.

थॉर्प मात्र परस्पर जाऊन एलेनॉरला कॅथरीनच्या नावाने खोटा निरोप देऊन येतो, आणि कॅथरीन सगळ्यांचे हात सोडवून धावत सुटते. भावाच्या जामीनकीवर चालणं तिने त्या दिवशी सोडलं. माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात मोठं धाडस हेच. पुढे टिल्नींच्या घरी, जुन्या मठात, रात्री कपाट उघडणं वगैरे तिच्या गमती त्यापुढे काहीच नाहीत.

पण सही आधीच झालेली होती. जॉन थॉर्पला कॅथरीन आपली होणार असं वाटत होतं, तेव्हा त्याने हेन्री-एलेनॉरच्या वडिलांसमोर, जनरल टिल्नीसमोर, मोरलँडांची संपत्ती दुप्पट-तिप्पट करून सांगितली. स्वतःचा भाव वाढवायला. त्या भुलीत जनरल तिला आपल्या घरी, नॉर्दँगर अ‍ॅबीला, मोठ्या आदराने घेऊन गेला. पुढे तिने नकार दिल्यावर चिडलेल्या थॉर्पने उलटं टोक गाठलं आणि तिच्या घरच्यांना भिकारी ठरवलं. जनरलने एका सकाळी तिला नोकराविना, एकटीला घराबाहेर काढलं. 70 मैल, 11 तासांचा प्रवास. जवळ पुरेसे पैसे नव्हते. एलेनॉरने दिले म्हणून निभावलं. जेम्स यात कुठे आहे? कुठेच नाही. तो ऑक्सफर्डला स्वतःचं तुटलेलं मन घेऊन बसला आहे. इझाबेलाशी त्याची सोयरीक ठरली होती. वडिलांनी मुलाला वर्षाला सुमारे 400 पौंडांची पाद्रीपणाची वृत्ती द्यायचं कबूल केलं. ती हाती यायला दोन-तीन वर्षं थांबावं लागणार होतं. आकडा ऐकून इझाबेलाचा चेहरा पडला आणि थोड्याच दिवसांत ती हेन्रीचा थोरला भाऊ कॅप्टन टिल्नी याच्या मागे लागली. जेम्स बहिणीला पत्राने सगळं कळवतो. आणि त्या पत्रात एक वाक्य असं येतं की वाचताना मी दर वेळी हसू की रडू असं होतं. थॉर्प बिचारा लंडनमध्ये आहे, त्याला तोंड कसं दाखवू, त्याच्या सरळ मनाला फार लागेल, असं तो लिहितो. इझाबेलाने फसवलं हे कळलं. तिचा भाऊही त्याच मातीचा असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही!

भोळी माणसं अनुभवाने शहाणी होतात, हा आपला गोड समज आहे. ऑस्टिनचा त्यावर विश्वास दिसत नाही. कॅथरीन शिकते, कारण तिला शिकणं भाग होतं. जेम्सला ते भाग नव्हतं. तो शिकत नाही, आणि ऑस्टिन त्याला त्याबद्दल शिक्षाही देत नाही.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये असाच आणखी एक भाऊ आहे, चार्ल्स बिंग्ली. दोन तिरकस बहिणींचा गोड भाऊ, मित्राच्या आणि बहिणींच्या सांगण्यावरून प्रेमाची मुलगी सोडून लंडनला जाऊन बसणारा. पण बिंग्लीच्या वडिलांनी त्याच्यासाठी जवळजवळ एक लाख पौंड ठेवले होते. तेवढे पैसे असले की भोळेपणाला लोक दिलदारपणा म्हणतात. त्याच्यावर मी आज वेळ घालवत नाही.

आपल्या साहित्यात असा भाऊ आहे का? मी शोधला. हरि नारायण आपट्यांची यमू डोळ्यांसमोर येते. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. तीही बहिणीच्याच तोंडून सांगितलेली गोष्ट, आणि तिथेही जीव लावणारा दादा आहे. पण दादाला सगळं दिसतं. वडिलांचा कडकपणा दिसतो, रूढी दिसते, बहिणीचे हाल दिसतात. त्याचे हात बांधलेले आहेत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूचा भाऊ पद्माकर सुस्थितीतला आहे, धावून येणारा आहे, सिंधूच माहेरची मदत घ्यायला तयार होत नाही. आपल्या लेखकांनी भावाचे डोळे उघडे ठेवले आणि हात बांधले. जेम्सचे हात मोकळे आहेत, डोळे मिटलेले. भाऊबीजेच्या ओवाळणीत वाढलेल्या समाजाला ‘माया आहे पण पारख नाही’ असा भाऊ रंगवणं जड गेलं असावं, असा माझा अंदाज आहे. कोणाकडे उलट उदाहरण असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगा.

लेखकांनी रंगवला नसला तरी तो इथे, एचएसआर लेआउटमध्ये, राहतोच. होसूर-सर्जापूर रोडवरच्या या सात सेक्टरांत नागपूरपासून निपाणीपर्यंतची मुलं येऊन राहिली आहेत. कुणी पीजीमध्ये, कुणी तिघांत एक फ्लॅट घेऊन. ‘माझा रूममेट आहे, सोन्यासारखा मुलगा आहे, ताई, तू फक्त एकदा भेट.’ ‘माझ्या मित्राचा स्टार्टअप आहे, तुझी एफडी मोडून यात टाक, दोन वर्षांत बघ.’ ही दोन वाक्यं या लेआउटमध्ये रोज कुठेतरी बोलली जात असणार. बोलणारा लबाड नसतो. त्याने स्वतःचेही पैसे तिथेच टाकलेले असतात. ताईने आजवर बँकेच्या माणसाला, विमा एजंटला, सगळ्यांना पिटाळलेलं असतं. इथे मात्र ती सही करते. समोरचा मुलगा तिला फारसा पटलेला नसतो, तरी. ती कॅथरीनचंच उत्तर देते: छान आहे.

आता जी गोष्ट सांगते ती कादंबरीतली नाही. ऑस्टिनला स्वतःला सहा भाऊ होते. त्यांतला चौथा हेन्री तिचा विशेष लाडका. सैन्यात गेला, मग बँकर झाला, लंडनला राहिला. तिच्या पुस्तकांचा सगळा व्यवहार तोच पाहायचा. 1803 साली हेन्रीच्या वकिलामार्फत ‘सुझन’ नावाचं हस्तलिखित क्रॉस्बी या प्रकाशकाला 10 पौंडांना विकलं गेलं. हीच पुढची ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’. क्रॉस्बीने जाहिरात केली आणि पुस्तक छापलंच नाही. 1809 साली जेनने मिसेस अ‍ॅश्टन डेनिस असं टोपणनाव घेऊन त्याला खरमरीत पत्र लिहिलं. सहीची आद्याक्षरं जुळवली की ‘मॅड’ होतात. त्याने उत्तर दिलं, 10 पौंड द्या आणि परत न्या. तेवढे पैसे तेव्हा दिले गेले नाहीत.

हेन्री मनाने उमदा होता. 1813 साली स्कॉटलंडमध्ये कोणी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची स्तुती करू लागलं की तो उत्साहाने सांगून टाकायचा, माझ्या बहिणीनेच लिहिली! पुस्तकावर तिचं नाव नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. बहिणीच्या कौतुकापोटीच केलं, हे ओळखून ती भावाला माफ करते, पण दुसऱ्या भावाला लिहिलेल्या पत्रात ही तक्रार आहेच. 1815 साली प्रकाशक जॉन मरेने तीन कादंबऱ्यांच्या हक्कांचे 450 पौंड देऊ केले. हेन्री आजारी पडून होता. तरी पडल्या पडल्या त्याने ते पुरेसे नाहीत असं पत्र सांगून लिहवलं. मग ‘एमा’ लेखिकेच्या जोखमीवर निघाली. तिचा नफा ‘मॅन्सफिल्ड पार्क’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या तोट्यात गेला आणि जेनच्या हाती आले सुमारे 39 पौंड. यात हेन्रीचा हिशेब चुकला असं म्हणणं सोपं आहे. त्या वेळी त्याची भूमिका मलाही पटली असती. आपल्या माणसाच्या कामाची किंमत जास्त लावणं हा भावाचा धर्मच आहे.

बँकेत मात्र तोच धर्म महागात पडला. 1813 साली हेन्री ऑक्सफर्डशायरचा सरकारी करवसुली अधिकारी झाला. त्या पदाला जामीन लागायचा. मामा ली-पेरट 10,000 पौंडांना आणि भाऊ एडवर्ड 20,000 पौंडांना जामीन राहिले. लॉर्ड मोइरासारख्या बड्या उमरावाला बँकेने दिलेले हजारो पौंड परत आले नाहीत. उमरावाकडे तगादा लावायचा कसा? नेपोलियनशी चाललेली युद्धं संपली तशी सैन्याच्या हिशेबांवर चालणाऱ्या या बँकांचा धंदाही आटला. मार्च 1816 मध्ये हेन्रीचं दिवाळं निघालं. मामाचे दहा हजार गेले, एडवर्डचे वीस हजार गेले. जेनचे गेले तेरा पौंडांच्या आसपास. आकडा लहान दिसतो. पण हेन्री आणि फ्रँक हे दोन भाऊ आई आणि बहिणींच्या खर्चाला वर्षाला प्रत्येकी 50 पौंड देत असत, तेही थांबलं. त्याच वर्षात तिची प्रकृती ढासळायला लागली.

आणि 1816 सालीच, हातात काही नसताना, हेन्रीने ते ‘सुझन’ 10 पौंड देऊन क्रॉस्बीकडून सोडवून आणलं. घराण्यात सांगतात की पैसे चुकते झाल्यावर त्याने प्रकाशकाला हळूच सांगितलं, तुम्ही तेरा वर्षं धूळ खात ठेवलंत ते ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या लेखिकेचं आहे. भोळ्या माणसाने आयुष्यात केलेला हा एक तरी व्यवहार चोख झाला! जेम्स मोरलँड तिने हेन्रीवरून रंगवला असं मी म्हणत नाही. कादंबरी 1798-99 मधली, दिवाळं नंतरचं. पण दिवाळ्याच्या वर्षी तिच्या हातात ते हस्तलिखित परत आलं होतं. सुझनची कॅथरीन झाली, प्रस्तावनेच्या चार ओळी लिहिल्या गेल्या. जेम्सचा सूर तिने कडवट केल्याची कसलीही खूण मला पुस्तकात सापडत नाही.

27 एप्रिल 1817 रोजी तिने मृत्युपत्र लिहिलं. जवळजवळ सगळं बहीण कॅसँड्राला. वेगळे काढले ते फक्त दोन आकडे: 50 पौंड हेन्रीला आणि 50 पौंड हेन्रीच्या घरची जुनी फ्रेंच व्यवस्थापिका मादाम बिजाँ हिला. 18 जुलैला ती गेली.

दिवाळ्यानंतर हेन्री पाद्री झाला होता. डिसेंबर 1817 मध्ये त्याने ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ आणि ‘पर्स्वेजन’ एकत्र छापवून घेतल्या आणि पुस्तकाच्या सुरुवातीला बहिणीचा छोटा परिचय लिहिला. तिच्या पुस्तकांत तिचं नाव छापून आलं ते त्या मजकुरातून. त्यात तो सांगतो की ही बाई कधी घाईचं, मूर्खपणाचं किंवा कठोर असं काही बोललीच नाही. एका शेजारणीला मेलेलं मूल झालं तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघून दचकली असेल, अशी थट्टा जिने कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रात केली होती, तिच्याबद्दल! आजही ती आवृत्ती उघडली की आधी हेन्रीचा हा परिचय येतो, आणि त्यानंतर जॉन थॉर्पला सालस म्हणणारा जेम्स.